विटकरी शर्टातली दुसरी

या, जरा जवळ सरकून बसा. मागे बसलेल्यांनीही या, पुढे जागा आहे. एक गोष्ट सांगतो. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, शाप नाही. एक शर्ट आहे, दोन बायका आहेत, आणि एक वाक्य आहे, जे एकीच्या गळ्याशी येऊन अडकलं ते लवकर बाहेर पडेना. देवाची आपल्यावर माया असते म्हणूनच तो असं काहीतरी गळ्यात अडकवून ठेवतो, असं मला वाटतं. गिळू देत नाही आणि विसरूही देत नाही.

घरात माणसं चार. आई, दादा, दादाची बायको म्हणजे वहिनी, आणि दादाची धाकटी बहीण. या बहिणीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. वहिनी तिच्याहून जेमतेम वर्षाने मोठी. दोघी आधीपासून एकाच नाटक मंडळीत काम करायच्या, आणि वहिनीला या घरात आणली ती भिंगरीनेच. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मला बायको मिळाली हा लोकांचा गैरसमज आहे. माझ्या बहिणीला मैत्रीण मिळाली. मी आपला मधल्या खोलीतला भाडेकरू."

भिंगरी एका शाळेच्या कार्यालयात काम करायची. वहिनी चष्म्याच्या दुकानात, तेही अर्धाच दिवस. उरलेला अर्धा दिवस तिने ऑडिशनसाठी राखून ठेवला होता. दुकानाचा मालक कधीपासून मागे लागला होता, पूर्ण दिवस या म्हणून. वहिनी हसून विषय बदलायची. "अजून थोडे दिवस बघते," म्हणायची. बघते म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळायचं.

एकदा एका सिनेमासाठी दोघींना बोलावणं आलं. भूमिका एकच आणि बोलावलेल्या बायका ढीगभर. इस्पितळात बापाच्या खाटेशी बसलेली मुलगी. परिचारिका तिला सांगते, आता घरी जा. ती म्हणते, "नाही, मी थांबते. मला कुठे जायची घाई नाही." ऑडिशनला एवढंच करून दाखवायचं होतं.

आता कॅमेऱ्यासमोर जायचं म्हणजे आधी कपड्याचा प्रश्न. नाटकात लांबून बघतात, तिथे काहीही खपतं. कॅमेरा नाकाशी येऊन बसतो. ऑडिशन घेणाऱ्यांच्या कार्यालयात दोघी पूर्वी जाऊन आल्या होत्या. तिथला मागचा पडदा निळसर राखाडी असतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून रविवारी दुपारी त्यांनी कपाटावर राखाडी चादर सोडली, समोर स्टूल मांडलं, पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवला आणि घरातले सगळे शर्ट पलंगावर ओतले. आई परीक्षक. त्यांनी चष्मा पुसून घेतला आणि फोनवर वाजत असलेलं देवाचं गाणं बंद केलं, यावरून कामाचं महत्त्व ओळखा.

भिंगरी पांढरा घालून बसली. शर्ट दिव्यासारखा लखलखला आणि चेहरा काळवंडला.

"शर्टाची ऑडिशन चाललीय का तुझी?" आई म्हणाल्या. "काढ."

काळ्यात केस आणि खांदे एक झाले. "मुंडकं तेवढं तरंगतंय. काढ." लाल रंगाची झाक हनुवटीखाली चढली. "गालगुंड झाल्यासारखं दिसतंय." पिवळ्यात कावीळ. राखाडी घातला तर बाई चादरीतच विरघळली. स्टुलावर नुसते दोन डोळे उरले.

शेवटी वहिनीने स्वतःचा विटकरी शर्ट घातला. जुना, मऊ पडलेला, कॉलर थोडी झिजलेली. ती स्टुलावर बसली मात्र, आणि चादर मागे गेली, चेहरा पुढे आला. गालांवर ऊब आली. डोळे दिसायला लागले.

"हां," आई म्हणाल्या. "आता कशी माणसांत आलीस."

भिंगरीने मात्र नवा शर्ट आणला होता. निळ्यापांढऱ्या बारीक रेघांचा. वहिनीने फोनमध्ये बघितलं आणि मान हलवली. "हा नको गं. रेघा बघ कशा वळवळतायत. अंगावरून मुंग्या चालल्यासारख्या."

"तुझा फोन जुना आहे. त्यांचा कॅमेरा चांगला असतो."

"मग मुंग्या आणखी चांगल्या दिसतील."

"वहिनी, हा मी खास त्यासाठी घेतलाय!"

"मग घाल बाई. मी कोण सांगणारी?"

मग तालीम झाली. भिंगरी परिचारिका, वहिनी मुलगी. वहिनी म्हणाली, "नाही, मी थांबते. मला कुठे जायची घाई नाही," आणि बोलता बोलता तिने उघड्या बाहीचं बटण लावलं. घाईघाईने नाही. सावकाश, एका हाताने, खाली न बघता.

"हात!" भिंगरी ओरडली. "हात शांत ठेव. भाजी निवडत नाहीयेस."

"अगं, ती तिथे बसून राहणार ना? गार लागेल तिला."

"ते तुला माहीत. बघणाऱ्याला काय माहीत?"

वहिनीने मान डोलावली. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं. तिच्या हाताला ते आवडलं होतं.

ऑडिशनच्या दिवशी जिन्यापासून रांग. हँगरला टांगलेले कपडे सांभाळत बायका भिंतीला टेकलेल्या, प्रत्येकीचे ओठ पुटपुटतायत. वहिनीचा नंबर आधी लागला. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? दगड होते मी. घसा कोरडा, पाय जड. जा तू."

भिंगरी आत गेली. कॅमेऱ्याशी बसलेल्या बाईंनी छोट्या पडद्यात बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "रेघा नाचतायत हो. दुसरं आणलंय काही? मग पटकन बदलून या, नाहीतर मी पुढचीला घेते."

भिंगरीने दुसरं काहीही आणलेलं नव्हतं. ती बाहेर आली, तोंड एवढंसं झालेलं. वहिनीने रेघांकडे एकदा बघितलं. तिला दंडाला धरून बाथरूममध्ये नेलं, आणि आत शिरता शिरताच स्वतःची बटणं काढायला लागली.

"वहिनी, पण तू..."

"माझं झालंय. बोलू नकोस, हात वर कर."

मी सांगितलं होतं ना, असंही ती म्हणाली नाही. तुमच्याआमच्यापैकी कितीजणांना ते वाक्य आवरलं असतं? रेघांचा शर्ट स्वतः घालून ती बाहेर बाकावर बसली. भिंगरी विटकरी शर्ट घालून परत आत गेली. तिने कॅमेऱ्याकडे बघून नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनाव अर्थातच तेच, जे थोड्या वेळापूर्वी त्याच शर्टातल्या दुसरीने सांगितलं होतं. बाईंनी मान वर केली नाही. हात शांत ठेवून, पाठ केलेलं नीट म्हणून भिंगरी बाहेर आली.

त्याच आठवड्यात फोन आला. भिंगरीला. "दिग्दर्शिका बाईंनी सगळ्यांचं चित्रण बघितलं, तुम्हाला परत बघायचंय. त्या दिवशीच्याच कपड्यांत या हं. विटकरी शर्ट. बाईंच्या तेच लक्षात राहिलंय." या धंद्यात तशी रीतच असते; चेहरे शेकडो बघितलेले असतात, रंग आठवतो.

घरात आनंदीआनंद. वहिनीने आधी भिंगरीला मिठी मारली, मग एकदा स्वतःचा फोन उघडून बघितला आणि पालथा ठेवला. कॉलरला इस्त्री तिनेच केली. एक बटण सैल झालं होतं, तेही पक्कं करून दिलं. "जा. घराचं नाव उजळून ये."

दिग्दर्शिका बाई साध्या होत्या, थकलेल्या होत्या. हातात चहा, डोळ्यांवर झोप. भिंगरीला बघून त्यांनी डोळे बारीक केले. "त्या दिवशी केस वेगळे होते का?"

"बांधले होते," भिंगरी म्हणाली. ते खरंच होतं. दोघींनीही बांधलेच होते.

"करा. आणि ते बाहीचं बटण लावलं होतंत ना, शेवटी, तेही करा. मला तेच परत बघायचंय."

बघा, इथे क्षणभर थांबू या. मनुष्य चुकतो तो पुष्कळदा असाच चुकतो. कट रचून, दार लावून, दिवा बारीक करून नव्हे. समोर एक बाई चहा पीत असते, सगळे वाट बघत असतात, आणि आपल्याला एका श्वासात ठरवायचं असतं. भिंगरीला सगळं लख्ख कळलं. बोलावलं होतं ते वहिनीला. आडनाव एक, शर्ट एक, कुणीतरी चुकीचा नंबर लावला. "अहो, ती मी नव्हे," एवढंच म्हणायचं होतं.

ती म्हणाली, "नाही, मी थांबते. मला कुठे जायची घाई नाही." आणि तिने बटण लावलं. सावकाश, एका हाताने, खाली न बघता. तिला ते बिनचूक येत होतं. तिने ते घरी इतक्यांदा बघून मोडीत काढलं होतं.

"हीच ती," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून भिंगरी घरात भुतासारखी वावरायला लागली. जेवताना घास फिरायचा. आई म्हणाल्या, "हिला झालंय काय? सिनेमा मिळाला की लोक नाचतात, ही बसून काय राहते?" आणि नुसती बसायची नाही, कामं करायची. वहिनीची भांडी घासून टाकायची, वहिनीच्या आधी उठून चहा ठेवायची, वहिनीसाठी चपला घेऊन आली. दादाने चपला बघितल्या, बहिणीकडे बघितलं.

"काय गं, काही फोडलंस का?"

सगळे हसले. भिंगरीही हसली.

वहिनी चपला घालून बघत होती. "छान आहेत. दुकानात उभं राहायला बऱ्या." मग सहज म्हणाली, "मी मालकांना हो सांगून टाकणार आहे सोमवारी. पूर्ण दिवस. त्यांना आता उत्तर हवंय."

"आणि ऑडिशन?" भिंगरीने विचारलं.

"पुरे झालं. खरं सांगू? त्या दिवशी बाहेर आले तेव्हा दगड होते म्हणाले ना, ते तोंडदेखलं होतं. आतून मला वाटत होतं, आज जमलं. पहिल्यांदाच वाटलं असं. आणि फोन नाही आला. म्हणजे जमलंय असं जेव्हा मला वाटतं, तेव्हाही जमलेलं नसतं. मग कशाच्या जोरावर बघत बसायचं?" हे सगळं तिने चपलेचा पट्टा घट्ट करत सांगितलं. "तू आहेस की आता घरातली. दोघींतली एक पोचली ना!"

भिंगरी तिथून उठली आणि आईंच्या खोलीत देवासमोर जाऊन उभी राहिली. तिने मागितलं काय? तर, देवा, वहिनीला आपलं आपण कळू दे. नाहीतर तो सिनेमाच बंद पडू दे. नाहीतर सोमवार येऊच देऊ नको. म्हणजे बघा, सोमवार अडवण्याचं काम देवाला, वहिनीला सांगण्याचं काम देवाला, आणि हिला काम काय, तर हात जोडून उभं राहायचं. आपण सगळे असंच मागतो हो. देव ऐकतो, फार प्रेमाने ऐकतो, पण आपल्या तोंडाने बोलत नाही. ते तोंड त्याने आपल्याला दिलेलं असतं.

रविवारी वहिनी ओट्यापाशी आईंचा चष्मा पुसत उभी होती. भिंगरी दारात आली.

"वहिनी..."

"काय गं?"

"... तो शर्ट धुवायला टाकू?"

"टाक की. नाहीतर असं कर, तुलाच ठेव. मला आता कुठे लागणार?"

सोमवारी सकाळी वहिनी दुकानात गेली आणि भिंगरी कपड्यांच्या मापाला. तिथे रांगेने शर्ट टांगलेले. सगळे विटकरी, कुठे एक छटा उजळ, कुठे एक मळकट. कपडे बघणारा माणूस तोंडात टाचण्या धरून बोलणारा, गमत्या. "बाईंनी सांगितलंय, ही मुलगी विटकरीच. मी म्हटलं, निळा घालू, इस्पितळात शोभतो. नाही म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात ती बसलीय, त्या दिवशीची." त्याने भिंगरीची बाही वर केली. "आणि हे बघा. बटण मुद्दाम मोठं लावलंय. तुमची ती करामत कॅमेऱ्याला दिसायला हवी ना! कुठून सुचलं हो तुम्हाला?"

"गार लागेल म्हणून," भिंगरी म्हणाली.

आणि आपल्या तोंडून दुसऱ्याचं कारणसुद्धा निघालं, हे तिने स्वतःच ऐकलं. तिने टाचण्यांसकट तो शर्ट उतरवला आणि दिग्दर्शिका बाईंच्या खोलीत गेली.

सगळं सांगितलं. बाथरूम सांगितलं, आडनाव सांगितलं, केसांचं उत्तर सांगितलं. बाईंनी चहा खाली ठेवला. त्यांनी त्या दिवशीचं चित्रण शोधून काढलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

भिंगरीने वहिनीला तसं कधी पाहिलं नव्हतं. राखाडी पडद्यासमोर ती बसली होती आणि पडदा तिथे नव्हताच. बापाची खाट होती. ती वाक्य म्हणाली. बटण लावलं. त्यानंतर तिने खाटेकडे बघितलं, आणि ते बघणं बटणाहून मोठं होतं. भिंगरीने ते केलंच नव्हतं. तिने बटण तेवढं उचललं होतं.

"तुम्ही वाईट नव्हता," बाई म्हणाल्या. "खरंच. आणि आता मला तुमची सवय झालीय. गुरुवारी शूटिंग आहे. मला राग आलाय, पण माझं काम अडत नाही. तुम्ही केलंत तरी सिनेमा होईल."

"मग मी काय करू?"

"ते मला कशाला विचारता? घरी कोण आहे तुमच्या?"

भिंगरीला वाटलं होतं, बाई ओरडतील, हाकलून देतील आणि सुटका होईल. बाईंनी तीही सोय ठेवली नाही.

ती घरी आली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात डबा धूत होती. "सांगून आले गं," ती म्हणाली. "मालक खूश. अर्धा दिवस करायला त्यांनी लगेच एक मुलगी ठेवलीसुद्धा. तुझं माप झालं?"

"वहिनी, ती मी नाही. तू आहेस."

"काय?"

"त्यांनी तुला बोलावलं होतं. बटण लावणारीला. मला तिथे गेल्यावर कळलं, आणि मी... मी बटण लावलं."

नळ चालू होता. वहिनीने तो बंद केला नाही. डब्यातून पाणी वाहून जात राहिलं.

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे चपला आणल्या त्याच्या आधी."

"हो."

"आणि काल ओट्यापाशी आलीस तेव्हा?"

"तेव्हाही."

वहिनीने नळ बंद केला. हात पुसले. भिंगरी वाट बघत होती की ती ओरडेल, रडेल, निदान एक थोबाडीत देईल. बाहेरच्या खोलीतून आई विचारत होत्या, काय झालं गं, काय सांडलं?

"काही नाही, आई," वहिनी म्हणाली. मग भिंगरीकडे वळून, अगदी शांतपणे: "गुरुवारी किती वाजता जायचंय ते मला लिहून द्या, वन्सं."

वन्सं. या घरात तो शब्द कुणी कधी वापरला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आईंनी सांगून पाहिलं होतं की नणंदेला वन्सं म्हणावं, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या. आणि आता द्या, घ्या, तुम्ही. भिंगरीने वेळ कागदावर लिहून दिली. नीट, ठळक लिहिली.

वहिनी गेली, बाईंनी तिलाच घेतलं, तिने काम केलं. पण मालक ऐकेनात. परवा हो म्हणालात आणि आज सुट्टी मागता, म्हणाले. पूर्ण दिवसाची जागा गेली, आणि अर्ध्या दिवसाची तर त्यांनी आधीच भरली होती. भिंगरीने एकच दिवस आधी, रविवारी सांगितलं असतं, तर वहिनीची जुनी जागा तरी राहिली असती. हे वहिनीने कधी बोलून दाखवलं नाही. भिंगरी रोज स्वतःला ऐकवते.

सिनेमा छोटासा होता. ज्यांनी पाहिला त्यांना इस्पितळातली ती मुलगी आवडली. वहिनीला आणखी एक काम मिळालं, मग आणखी एक. घर चालतं, हसतंही. दादाच्या गमती चालू आहेत. भिंगरीने ऑडिशन सोडल्या नाहीत. जाते, पण आत शिरल्याबरोबर पहिल्यांदा आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगते आणि समोरच्याने ते लिहून घेईपर्यंत खुर्चीवर बसत नाही. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटतो.

परवा जेवताना वहिनी म्हणाली, "वन्सं, पाणी देऊ का तुम्हाला?" आणि आई न राहवून म्हणाल्या, "घरात कुणी पाहुणी आलीय का गं? किती दिवस चालणार हे?"

वहिनी उठली. तिने पाणी दिलं. भांडं काठोकाठ भरून दिलं. भिंगरीने ते दोन्ही हातांनी घेतलं.

झालं, एवढीच गोष्ट. वहिनीची काळजी मला वाटत नाही. तिला देवाने दिलंय आणि आणखी देईल. तुम्ही आज हात जोडाल तेव्हा तुमचं सगळं मागून झालं, की शेवटी त्या भिंगरीची आठवण ठेवा. तिने खरं सांगितलं, पण उशिरा सांगितलं, आणि तो उशीर ती अजून एकटीच सोसते आहे. तिला पुन्हा कुणीतरी 'अगं' म्हणावं, एवढंच तिच्यासाठी मागा.